चार बोटांचा उतार

ढग म्हणाल तर नावाला नाही, वारा नाही, ऊन असं लख्ख की दोरीवरचा टॉवेल पुठ्ठ्यासारखा कडक झालेला… आणि आमच्या मोरीत घोटाभर पाणी! आता बोला! अहो, पाऊस असता तर निदान पावसाला शिव्या देता आल्या असत्या. माणसाला कुणीतरी लागतं ना शिव्या द्यायला? वर बघितलं तर आभाळ निळंशार, खाली बघितलं तर… जाऊ द्या, खाली काय होतं ते सांगत नाही, तुमच्यातले काही जेवून आले असतील, काहींचं व्हायचं असेल. फेसाचं तेवढं सांगतो. वर हिरवा फेस तरंगत होता. आणि तुम्हाला सांगतो, आमच्या घरात पांढरा साबण! चाळीस वर्षं पांढरा! हिरवा साबण आख्ख्या गल्लीत एकटे वरच्या अंगाचे मास्तर लावतात. म्हणजे मास्तर त्यांच्या घरात, आणि मास्तरांची अंघोळ आमच्या घरात!

बरं, हे कधी? तर नवीन लाइन चालू केली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता. आठ वाजता का? तर आठला सगळी गल्ली अंघोळीला बसते. बावीस घरं. बावीस घरांनी एकदम बादल्या ओतल्या की आमच्या मोरीच्या जाळीतून आधी गुळगुळ गुळगुळ असा आवाज, मग एक ढेकर, आणि मग… मास्तर.

आतून आमची म्हातारी म्हणते, "अहो, मी तिकडे येऊ, की ते इकडे येतंय?"

हसू नका. म्हणजे हसा, तीही हसतच म्हणाली होती, पण ऐका. गेल्या वर्षी ती पडली, खुब्याचं हाड मोडलं. आत लोखंड घातलंय. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, पुन्हा एकदा पडल्या, तर पलंगावरून उठणं विसरा." आता ती त्या चारपायी दांडीला, वॉकर म्हणतात त्याला, धरून चालते. पलंग ते मोरी सहा पावलं. दिवसातून चार वेळा सहा पावलं जायची, सहा यायची, एवढंच तिचं जग उरलंय, आणि त्या सहा पावलांवर हे पाणी! साबणाचं! तुम्हीच सांगा, साबणाच्या पाण्यात कोण पडत नाही? मी पडलो असतो तर चाललं असतं, मला कोण विचारतं. पण तिनं पडून चालणार नव्हतं. माझं भांडण एवढंच होतं हो, सहा पावलं कोरडी ठेवा. बाकी शहर सुधारा, बुडवा, तुमचं तुम्ही बघा!

आता मी कोण, ते सांगायचं राहिलं. मी मिस्त्री. बंगले बांधणारा नाही, गटाराचा. रस्त्यात जी गोल झाकणं दिसतात ना, ज्यांच्यावरून तुमची गाडी खाडकन जाते आणि तुम्ही आतल्या आत काहीतरी पुटपुटता, त्या झाकणांखाली विटांची जी विहीर असते, चेंबर म्हणतात त्याला, तो मी बांधतो. बांधायचो. चाळीस वर्षं. शाळेत गेलो नाही. म्हणजे शाळेत गेलो, पण शाळेची मोरी दुरुस्त करायला. सही येत नाही, अंगठा देतो. पण उतार मला डोळ्यांनी दिसतो. तुम्ही आता बसलाय ना, ही जमीन तुमच्या डाव्या हाताला उतरतीये, अर्धं बोट. बघू नका, दिसायची नाही. पाण्याला दिसेल. मी अडाणी, पाणीही अडाणी. आम्हा दोघांना नकाशा वाचता येत नाही. फरक एवढाच की पाण्याकडे कुणी अंगठा मागत नाही.

आणि तुम्ही म्हणाल, म्हातारा जुन्याला चिकटून बसलाय, सुधारणा नको म्हणतोय. नाही हो! गल्लीच्या तोंडाशी बोर्ड लागला, शिंपीभाऊंनी मला वाचून दाखवला… शिंपीभाऊ म्हणजे आमचे शेजारी, भिंतीला भिंत, पुढे दुकान मागे घर, गळ्यात कायम टेप, माझी सगळी वाचायची-लिहायची कामं तेच करतात. त्यांनी वाचलं, की पावसाचं पाणी वेगळ्या पाइपात, घरातलं सांडपाणी वेगळ्या पाइपात, जुनी फुटकी लाइन बाद. मी म्हटलं, वा! झकास! अहो, ती जुनी लाइन माझ्या वडिलांच्या वयाची. भाजक्या मातीचे नळ, सांध्यासांध्यात झाडांची मुळं घुसलेली, पाऊस आणि संडास एकाच पाइपात, पाऊस जोरात आला की दोघं हातात हात घालून रस्त्यावर. बदलायलाच हवी होती! मी तर खोदकाम सुरू झालं त्या दिवशी त्या पोरांना चहा पाजला. आठ महिने धूळ खाल्ली, आठ महिने दारात फळी टाकून ये-जा केली, म्हातारीला तपासणीला न्यायचं तर दोघांनी खुर्चीसकट उचलायचं, एक शब्द बोललो नाही. मी शांत माणूस. बायकोला विचारा. ती म्हणते, "तुम्ही शांत नाही, तुम्ही मंद आहात." असेल.

तर त्या दिवशी, हिरव्या फेसाच्या, मी आधी मोरी उपसली, फिनेल टाकलं, पुसली, आणि माझी नळी काढली. नळी म्हणजे लेव्हलची नळी. आरपार दिसणारी, वीस हात लांब, आत पाणी भरायचं, एक टोक इथं, एक टोक तिथं, दोन्हीकडचं पाणी आपोआप एका उंचीला येतं. वीज लागत नाही, सेल लागत नाही, बोलत नाही, खोटंही बोलत नाही. आता दुसरं टोक धरायला माणूस हवा. घरात माणूस कोण? म्हातारी. तिला म्हटलं, "धर गं जरा." पलंगावर बसल्या बसल्या तिनं टोक धरलं, भिंतीवर मी खूण केलेली तिथं. मी दुसरं टोक घेऊन रस्त्यात, नव्या चेंबरात उतरलो. वय एकाहत्तर. उतरलो. झाकणं अजून बसवायची होती, तोंडं उघडीच होती. आतून ओरडलो, "हलवू नकोस!" ती ओरडली, "मी हलू शकले असते तर तुमचं टोक धरून बसले असते का?"

मोजलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. तुम्हाला सांगतो, डोक्यात घण बसला. आमच्या मोरीचं पाणी जिथून पाइपात पडतं, त्याच्या खाली नव्या पाइपाचा तळ होता जेमतेम चार बोटं. चार बोटं! असायला हवा होता दोन फूट आणि चार बोटं! म्हणजे काय होतं, पाइपात चार बोटांवर पाणी चढलं, की ते उलटं आमच्याकडे. सकाळी आठला एवढं. पावसाळ्यात, दिवस दिवस लाइन भरून वाहते तेव्हा? पलंगाखाली होडी बांधून ठेवू?

आणि हे दोन फूट गेले कुठे? मला विचारायची गरजच नव्हती. ते मला माहीत होते. ते दोन फूट… मी बांधले होते.

थांबा, सांगतो. सावकाश सांगतो, कारण त्या साहेबाला मी भरभर सांगितलं आणि त्याला कळलं नाही. रस्ता दर चार-पाच वर्षांनी नवा करतात. नवा म्हणजे काय, जुना खरवडत नाहीत, त्याच्यावरच डांबर ओततात. रस्ता वीतभर वर येतो. मग झाकण खड्ड्यात जातं. मग साहेब म्हणतात, "मिस्त्री, झाकण वर घ्या." मी झाकण काढतो, विटांचे दोन थर लावतो, झाकण वर बसवतो. असं तीन वेळा केलं. माझ्या या हातांनी. तीन वेळचे मिळून दोन फूट. चेंबर वरून वाढला, तळ जिथल्या तिथं. आणि दर वेळी मी साहेबांना म्हणायचो, "साहेब, हे वहीत लिहा हां, झाकणापासून खोली आता वाढली." साहेब म्हणायचे, "लिहू." तीन साहेब, तीन वेळा, "लिहू." अहो, मला लिहिता येत नव्हतं म्हणून मी लिहिलं नाही. त्यांना येत होतं, त्यांनी का नाही लिहिलं?

जुन्या नकाशात लिहिलेलं, झाकणापासून तळ सात फूट. नव्या साहेबांनी आजच्या झाकणावर लेझर ठेवला, सात फूट खाली मोजलं, म्हणाले हा तळ, आणि त्या हिशेबानं सगळी लाइन टाकली. पण तळ तर नऊ फुटांवर! कसं सांगू… समजा, तुमची उंची साडेपाच फूट. तुम्ही स्टुलावर उभे आहात. मी तुमच्या डोक्यापासून साडेपाच फूट खाली मोजलं आणि म्हटलं, ही जमीन! अहो, ते स्टूल आहे! जमीन अजून खाली आहे! एवढंच मला सांगायचं होतं. कुणाला? तर टॅबसाहेबाला.

टॅबसाहेब हे नाव म्हातारीनं ठेवलेलं. पोरगा चांगला, वाईट नाही. पांढरं हेल्मेट, हातात ती काळी पाटी, तिच्यावर बोट फिरवत चालायचं. खड्ड्यात पडायचा बऱ्याचदा. मी गेलो, म्हटलं, "साहेब, पाइप दोन फूट वर बसलाय."

"आजोबा, लेझर आहे. लेझर चुकत नाही."

"लेझर नाही चुकला. झाकण चुकलंय. ते मी उचललंय."

"तुम्ही… झाकण चोरलंत?"

"उचललं म्हणजे वर घेतलं हो! तीन वेळा!"

"नोंद आहे?"

"आहे ना. मला आठवतंय."

त्यानं पाटीवर बोट फिरवलं. वर, खाली, डावीकडे. म्हणाला, "सिस्टिममध्ये दिसत नाही." मी म्हटलं, "साहेब, माझी नळी बघा, पाणी बघा, डोळ्यांनी बघा." तर मला म्हणतो कसा, गोड हसून, "आणि समजा तुम्ही म्हणता तसं असेल, तर मग चूक तुमचीच की आजोबा! नोंद न करता झाकण उचलायचं नसतं."

बघा! माझीच! विटा मी लावल्या म्हणून माझी! मी तिथंच उभा.  मी अडाणी, पाणीही अडाणी, पण हा शिकलेला माणूस काय बोलतोय हो?

मग मुकादमाकडे गेलो. मुकादम म्हणजे त्या कामावरच्या मजुरांचा मुख्य. एके काळी माझ्याच हाताखाली घमेली वाहिलेला, डोक्याचे केस आता गेले पण मला अजून मिस्त्रीकाका म्हणतो. त्याला बाजूला घेतलं. "खरं सांग, तुला दिसत नाही?"

म्हणाला, "काका, पहिल्या दिवशी दिसलं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो. मला म्हणाले, तू खोद. काका, आता उतार खाली ठरत नाही. वर ठरतो. ऑफिसात."

ऑफिसात! चौथ्या मजल्यावर! गटाराचा उतार चौथ्या मजल्यावर ठरतो!

मग अर्ज. शिंपीभाऊंनी लिहिला. काय सुंदर लिहिला होता! एकेक ओळ अशी बेतून, कुठे झोळ नाही, कुठे ओढ नाही. "महोदय, विषय, मोरीतून उलटे पाणी येण्याबाबत." मी खाली अंगठा दिला. आठव्या दिवशी शिंपीभाऊंच्या फोनवर मेसेज. वाचून त्यांचा चेहरा बदलला. मी म्हटलं, "काय म्हणतात?" म्हणाले, "काका, म्हणतात, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?"

तुम्हाला सांगतो, मी शांत माणूस. मी म्हटलं, "शिंपीभाऊ, तिथं असं काही नाही का, की तारे नकोत, माणूस पाठवा?" त्यांनी शोधलं. नव्हतं. दुसरा अर्ज केला. तिसरा केला. शिंपीभाऊ म्हणाले, "काका, एवढ्या वेळात मी तुम्हाला एक सदरा शिवून दिला असता." रोज सकाळी आठला आमची कवायत. साडेसातला म्हातारीचं सगळं आवरायचं, तिला पलंगावर बसवायचं, जाळीवर पोतं, पोत्यावर पाटा, पाट्यावर मी! हो, मी! पाट्यावर बसायचो, अर्धा तास, सगळी गल्ली अंघोळ करून बाहेर पडेपर्यंत. खालून गुळगुळ. एकाहत्तर वर्षांचा माणूस मास्तरांच्या अंघोळीवर दाबून बसलाय! शाळेत गेलो नाही, म्हणून हे मास्तर आता वसूल करत असतील.

तिसऱ्या अर्जाला टॅबसाहेब आला. मोरी बघितली, नाकाला रुमाल लावला, फोटो काढला. म्हणाला, "आजोबा, यावर उपाय आहे! सोपा! तुम्ही मोरी दोन फूट वर घ्या."

"म्हणजे?"

"ओटा करा. दोन पायऱ्या. वर मोरी. प्रश्नच मिटला!"

मी पलंगाकडे बघितलं. म्हातारी ऐकत होती. इतका वेळ हसणारी बाई, तिनं मान फिरवली आणि भिंतीकडे बघायला लागली.   दोन पायऱ्या! डॉक्टर म्हणतात एक उंबरा नको, मी दाराचे दोन्ही उंबरे काढून टाकले, जमीन घासून सपाट केली, सहा पावलांत कुठे नखभर उंचवटा ठेवला नाही, आणि हा म्हणतो दोन पायऱ्या! रस्ता वर आला, झाकण वर आलं, पाइप वर आला, आता राहिली कोण? तर माझी म्हातारी. तिनं पण वर यायचं!

तिथं माझं डोकं फिरलं. पहिल्यांदा. तुम्हाला खोटं वाटेल, मला राग कसा करायचा तेच माहीत नव्हतं. आवाज कितपत चढवायचा, हात कुठे ठेवायचे… मी आपला म्हणालो, "साहेब, तुम्ही आता जा." तो गेला. 

दुसऱ्या दिवशी झाकणं बसवून डांबर टाकायला आले. रोलर आला, डांबराचा धूर, मुकादम, पोरं. डांबर पडलं की मग कोण उघडतंय? मी काय केलं, आमच्या दारासमोरच्या चेंबरपाशी गेलो, आणि त्याच्या काठावर बसलो. पाय आत सोडले. पोरं म्हणाली, "आजोबा, उठा." म्हटलं, "बसू दे, चाळीस वर्षं उभ्यानं काम केलंय." मुकादम आला, "काका, असं करू नका, मला बोलणी खावी लागतात." म्हटलं, "तू खोद म्हटल्यावर खोदलंस. आता थांब म्हणतोय, तर थांब!" आणि तुम्हाला सांगतो, आवाज असा निघाला… माझा मलाच कळेना कुणाचा. रोलरवाल्यानं इंजिन बंद केलं. आतून म्हातारी ओरडली, "अहो, कोण आलंय ओरडायला?"

"मीच आहे!"

"हां? मग चालू द्या!"

दोन तास बसलो. रस्ता अडला, भाजीची गाडी अडली, शाळेची गाडी अडली, हॉर्न, शिव्या. टॅबसाहेब येऊन तीनदा फोनवर बोलला. "मॅडम, एक आजोबा चेंबरमध्ये… नाही मॅडम, पडले नाहीत… बसलेत. हो, मुद्दाम." आणि मग मोठ्या मॅडम आल्या. या साहेबांच्या साहेब. पन्नाशीच्या, केस आखूड, बूट नवे कोरे. मी म्हटलं आता पोलीस. पण बाई खाली वाकली, उकिडवी बसली माझ्यासमोर, म्हणाली, "सांगा आजोबा."

असं कुणी म्हणालंच नव्हतं हो इतक्या दिवसांत! मी सांगितलं. झाकण, विटा, तीन साहेब, स्टूल, सगळं. त्यांनी ऐकलं. म्हणाल्या, "दाखवू शकाल?"

म्हटलं, "मॅडम, नळी दाखवली तर हे म्हणतील लेझर. मी पाणीच दाखवतो. मी अडाणी, पाणीही अडाणी, आमचं आम्हाला समजतं. तुम्ही दोघं आमच्या मोरीत उभे राहा."

मग शिंपीभाऊ पळाले. बावीस घरं पालथी घातली. भर दुपारी बाराला, हरएक घरात तीन-तीन बादल्या भरून मोरीत माणूस उभा! शिंपीभाऊ गल्लीच्या मधोमध, हातात लाल अस्तराचा तुकडा झेंड्यासारखा. खिडकी-खिडकीतून पोरं बघतायत. इकडे आमच्या मोरीत मॅडम आणि टॅबसाहेब, चिकटून, जागाच तेवढी. मी दारात. म्हातारी पलंगावर, डोळे मोठ्ठे करून. शिंपीभाऊंनी झेंडा खाली केला!

काही नाही. शांत. टॅबसाहेब म्हणाला, "बघा मॅडम, काही ना…"

गुळगुळ.

"हवा आहे मॅडम. पाइपात हवा असते."

गुळगुळगुळ… मग ढेकर. असा ढेकर, की टॅबसाहेबानं मॅडमचा दंड धरला. आणि आलं! जाळीतून उसळून आलं, बुटांवर, घोट्यावर, आणि वर हिरवा फेस! मास्तरांनी तीन बादल्यांत साबण कालवून ओतला होता, म्हणाले, पुरावा असू दे. आणि आमची म्हातारी पलंगावरून म्हणते, "बाई, पाय वर घ्या, बूट नवे दिसतायत!"

मॅडमनी पाय वर घेतले नाहीत. त्या पाण्यात तशाच उभ्या राहिल्या, पाणी ओसरेपर्यंत. मग म्हातारीकडे बघितलं, त्या चारपायी दांडीकडे बघितलं, पलंग ते मोरी नजरेनं मोजलं. आणि मला म्हणाल्या, "आजोबा, तुमचं बरोबर आहे. दोन फूट चुकलंय."

टॅबसाहेब म्हणाला, "पण मॅडम, नकाशाप्रमाणे…"

"नकाशाच चुकलाय."

अहो, मी भिंतीला टेकलो. माझ्या तीन साहेबांनी जे लिहिलं नाही ते ही बाई बोलली. मी म्हटलं, "मग मॅडम, पाइप खाली घ्या."

  मग मॅडम हळूच म्हणाल्या, की लाइन एकट्या आमच्या गल्लीची नाही. पुढे चौदा गल्ल्या, त्यापुढे पंपाचं स्टेशन, सगळं त्याच उंचीला बसलंय. इथं खाली घेतलं तर पाणी पुढे चढणार कसं? सगळंच उकरावं लागेल. ते पुढच्या टप्प्यात.

"पुढचा टप्पा कधी?"

"हा पूर्ण झाल्यावर."

"आणि हा कधी पूर्ण होणार?"

"हा… कागदावर झालाय."

बघा! खरं बोलणारी बाई भेटली, तर खरं ऐकून काय मिळालं? पण मी काही तिला वाईट म्हणणार नाही. ती म्हणाली, "आजींच्या पायाखाली पाणी येणार नाही, एवढं मी आज करून जाते." आणि केलं. संध्याकाळच्या आत आमच्या मोरीच्या पाइपाला एक झडप बसवली. एनआरव्ही म्हणतात तिला, आपलं पाणी बाहेर जाऊ देते, बाहेरचं आत येऊ देत नाही. बाहेर पाणी चढलं की खटकन बंद. मी स्वतः हात घालून बघितली, रबर चांगलं होतं. मुकादमानं बसवली, एक थेंब गळती नाही. माझ्याच हाताखालचा, शेवटी. टॅबसाहेबानं पाटीवर लिहिलं. मी म्हटलं, "काय लिहिलंत?" म्हणाला, "झडप बसवली." म्हटलं, "आणि झाकण?" म्हणाला, "लिहू."

डांबर पडलं. रस्ता आणखी चार बोटं वर आला. आता काय बोलणार?  राग संपला होता, एकाच दिवसाचा भरला होता मी.

मग चार दिवसांनी पाऊस आला. कसा आला! दुपारी सुरू झाला तो संध्याकाळपर्यंत उसंत नाही. रस्त्यावर पाणी, नव्या लाइनीत पाणी. आता तुम्ही विचाराल, पावसाचं पाणी तर वेगळ्या पाइपात जायचं होतं? अहो, निम्म्या घरांच्या गच्चीचे नळ अजून जुन्या सवयीनं सांडपाण्यातच सोडलेले! तेही पुढच्या टप्प्यात! मी आणि म्हातारी, दोघं पलंगावर बसून मोरीच्या जाळीकडे बघत होतो. तिनं माझा हात धरला होता, लेव्हलच्या नळीसारखा, न हलता. आणि खालून आवाज आला… खट! झडप बंद झाली! आणि जाळी? कोरडी. कोरडी ठणठणीत! मग म्हातारी उठली, दांडी धरली, आणि भर पावसात, आपल्या घरात, सहा पावलं गेली. सहा आली. पायाला पाणी नाही. मी तुम्हाला काय सांगू, मी तिच्यामागे चालत होतो, हात पुढे करून, पण हातांना काही कामच नव्हतं. बसली आणि म्हणाली, "मंद आहात, पण कामाचे आहात." आम्ही त्या रात्री असे झोपलो, असे झोपलो!

आणि चाळीस वर्षं हा धंदा केलेल्या माणसानं, उतार डोळ्यांनी दिसणाऱ्या माणसानं, एक प्रश्न विचारायला नको होता का हो? आपल्याकडे दार लावलं, तर आलेला पाहुणा गेला कुठे? विचारला नाही. आनंदात माणूस पाण्याहून अडाणी होतो. पाणी तरी कुठे थांबत नाही; एक घर बंद दिसलं की त्याच्या वरचं, नखभर का होईना वरचं, पुढचं घर शोधतं.

सकाळी दार उघडलं. आभाळ धुतल्यासारखं. दारात शिंपीभाऊ. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय पांढरेफटक, सुरकुतलेले, रात्रभर भिजल्यासारखे. गळ्यातला टेप ओला. एका हातात खराटा, दुसऱ्या हातात कुणाचा तरी अर्धा शिवलेला कोट, त्यातून पाणी टपटप गळतंय, आणि कॉलरवर हिरवा फेस. ज्या माणसानं माझे तीन अर्ज लिहिले, माझ्यासाठी गल्लीत झेंडा घेऊन उभा राहिला, तो!  मला वाटलं आता हा ओरडणार, आणि ओरडावंच त्यानं, मी ऐकून घेईन, खालमानेनं ऐकून घेईन… पण भला माणूस तो. आत डोकावून त्यानं आधी म्हातारीकडे बघितलं, ती कोरड्या जमिनीवर दांडी धरून उभी होती. मग माझ्याकडे बघितलं. खराटा भिंतीला लावला, आणि अगदी हळू, घरातलं कुणी पोचल्याची खबर द्यावी तसा म्हणाला, "काळजी करू नका, मिस्त्रीकाका. तुमच्याकडचं सगळं पाणी आमच्याकडे सुखरूप पोचलंय."